आपोआप चालणारें यंत्र आणि शेतकऱ्याचा पैसा

‘इंधनावांचून व विजेवांचून चालणारें’ यंत्र मोबाइलच्या पडद्यावर दाखविण्याचा प्रकार आतां कोणास नवा राहिलेला नाहीं. एक जड चाक, त्यास पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकास डायनामो. एकदां गति दिली कीं डायनामोची वीज मोटारीस मिळते, मोटार चाक फिरविते, आणि शिवाय वर पांच अश्वशक्तीचा पंप चालेल इतकी वीज उरते, असें सांगण्यांत येतें. पुढें यंत्राची किंमत व आगाऊ रकमेची मागणी येते.

ज्यास रब्बीच्या गव्हास मध्यरात्रीं पाणी द्यावें लागतें आणि पायाखालीं ढेंकूळ आहे कीं विंचू हें दिसत नाहीं, त्यानें असल्या यंत्राकडे आशेनें पाहिलें तर त्यास लोभी म्हणणें अन्यायाचें होईल. रात्रपाळीच्या विजेनें त्रासलेल्या माणसाची गरज खरी आहे. म्हणूनच त्याच्या पैशास ज्या ठिकाणीं धोका आहे, तें ठिकाण स्पष्ट दाखविणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मोटेचा काळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हा विषय पुस्तकावांचून समजेल. बैल दिवसभर धांवेवर चालत व विहिरींतून पाणी येई. पण त्या बैलांस सांजसकाळ कडबा व पेंड लागे. कडबा तोडला कीं मोट मंदावे. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यांत येलदरीचें धरण आहे. तेथील २२.५ मेगावॅटचें विद्युत्केंद्र पाहून कोणास वाटेल कीं ही वीज तरी फुकटची. पण तें पाणी समुद्रावरून उचलून डोंगरमाथ्यावर टाकण्याचें काम सूर्यानें केलेलें असतें. जलाशयांत पाणी नसेल त्या वर्षीं तेथील जनित्रेंही स्वस्थ असतात. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येत नाहीं, हें आपल्या घरोघर बोललें जातें. विलायतेंतील जूल यानें १८४० नंतरच्या दशकांत मोजून दाखविलें तें याहून वेगळें नव्हे. त्यानें खालीं उतरणाऱ्या वजनाकडून पाणी घुसळविलें व तें किती तापलें हें पाहिलें. जितकें काम खर्च झालें तितकीच उष्णता मिळाली.

आतां त्या यंत्राचा हिशेब करूं. मोटारीस शंभर भाग वीज दिली तर तिच्या आंसावर पंचाऐंशीच्या आसपास भाग पोंचतात. पट्ट्यांत तीनचार भाग जातात. डायनामो उरलेल्यांतून आपला वांटा उष्णतेच्या रूपानें काढून घेतो. हातीं परत येतात सत्तरच्या सुमारास, आणि मोटारीस तर पुन्हां शंभर हवे असतात! मग पंपास द्यावयाचे कोठून? जड चाकामुळें शक्ति वाढते हा समज तर निव्वळ भ्रम आहे. चाक म्हणजे ज्वारीचें पेंव. घातली असेल तितकीच ज्वारी निघावयाची, आणि त्यांतही थोडी किडावयाची.

विहिरीचें पाणी वरच्या टाकींत चढवून, तेंच खालीं सोडून त्यावर वीज करावी, ही दुसरी युक्तिही अशीच फसते. एक युनिट विजेनें पन्नास फुटांवरून, कांहींही वायां न जातां, सुमारें २४,००० लिटर पाणी वर येईल. प्रत्यक्षांत पंप याहून पुष्कळ कमी देतो. तें सर्व पाणी पुन्हां खालीं पडलें तरी एका युनिटापेक्षां अधिक कांहींच देऊं शकत नाहीं.

‘हें तर आमच्या पूर्वजांस ठाऊक होतें’ असें म्हणणारेही भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यास थोडा आधार आहे. शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्यें रचलेल्या सिद्धांतशिरोमणींत भास्कराचार्यांनीं स्वयंवह यंत्राचें वर्णन केलें आहे: हलक्या लांकडाचें चाक, त्यास सारख्या अंतरावर पोकळ आरे, आऱ्यांत अर्धवट पारा. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला, त्या आचार्यांची थोरवी या चाकानें कमी होत नाहीं. पण चाक आपोआप फिरत नाहीं हेंही तितकेंच खरें. एका बाजूस पारा आंसापासून दूर सरकतो, तर दुसऱ्या बाजूस जवळ असलेला पारा अधिक आऱ्यांत असतो. दोन्ही बाजूंचा जोर सारखा होतो आणि आंसाचें घर्षण चाक थांबवितें. त्याच ग्रंथांत कुक्कुटनाडीचें, म्हणजे वांकड्या नळीनें पाणी काढण्याचेंही वर्णन आहे, आणि ती मात्र उत्तम चालते. पाटांतून सरींत नळीनें पाणी घेणारास कारण ठाऊक आहे: नळीचें बाहेरचें तोंड पाटाच्या पातळीहून खालीं असेपर्यंत पाणी वाहतें, वर उचललें कीं थांबतें. दोन्ही युक्त्या एकाच थोर पुरुषाच्या ग्रंथांतील. निसर्गानें एक मानली, दुसरी मानली नाहीं.

पॅरिसच्या विज्ञान-अकादमीनें १७७५ सालींच असल्या यंत्रांचे अर्ज पाहणें बंद केलें. आमच्या १९७० च्या पेटंट कायद्याचें कलम ३ (अ) हेंच सांगतें: सुस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो शोध मानला जात नाहीं. ‘पेटंटचा अर्ज केला आहे’ असा कागद कोणी दाखविला तर त्यावरून अर्ज केला एवढेंच सिद्ध होतें.

प्रयोग डोळ्यांनीं पाहिला, असें कोणी म्हणेल. किती वेळ पाहिला, हा प्रश्न आहे. ट्रकच्या १२ व्होल्टच्या, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरींत सुमारें १.८ युनिट वीज असते. तेवढ्यावर नऊ वॅटचे दहा दिवे वीस तास जळतील. अशी एक बॅटरी चौथऱ्यांत लपविणें कठीण नाहीं. पण पांच अश्वशक्तीचा पंप चोवीस तास चालवावयाचा तर निदान ९० युनिटें लागतील, म्हणजे तसल्या पन्नास बॅटऱ्या! त्या लपत नाहींत. म्हणून आमची सूचना अशी कीं, विक्रेत्यास यंत्र घेऊन आपल्या विहिरीवर बोलवावें. यंत्र जमिनीपासून हातभर उंच ठेवावें, सर्व तारा सोडवाव्या, झांकणें उघडावीं, आणि आपल्याच पंपावर रात्रंदिवस चालवून दाखवावयास सांगावें. तोंवर एक पैसाही देऊं नये. ‘गुप्त युक्ति आहे, झांकण उघडतां येत नाहीं’ असें उत्तर आलें तर चहा पाजून निरोप द्यावा.

दिवसा पाणी देण्याची सोय हवी असेल तर सौरपंप आहे. राज्य सरकारच्या २०२४ सालच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत शेतकऱ्याचा हिस्सा शेंकडा दहा, व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्याचा शेंकडा पांच ठेविला आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पांच एकरांपर्यंत पांच आणि त्यापुढें साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. ढग आले कीं तो मंदावतो, रात्रीं बंद पडतो, आणि पत्र्यांवर धूळ बसली कीं पाणी कमी येतें. ते पत्रे आठवड्यास एकदां तरी सकाळीं, तापण्यापूर्वीं, धुवावे.