यंत्र न थांबवता

१८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जेथे सांधला गेला, त्या जबलपूर स्थानकात एका फलाटाच्या दुरुस्तीसाठी सर्व गाड्या थांबवीत नाहीत. बँकांच्या मेनफ्रेम संगणकालाही हेच तत्त्व लागू पडते. आयबीएमच्या झेड/ओएस प्रणालीत ‘सेटएसएसआय’ या आज्ञेने नवी उपप्रणाली, यंत्र चालू असतानाच, जोडता येते. ग्राहकांचा खोळंबा टळतो, हे स्वागतार्हच. तथापि ‘आयईएफएसएसएन’ सूचीत कायम नोंद केली नाही, तर यंत्राच्या पुढील प्रारंभानंतर ती जोडणी लुप्त होते. तोवर संबंधित अधिकाऱ्याची बदलीही झालेली असू शकते. म्हणून आज्ञेचा अधिकार मोजक्यांकडेच असावा, प्रत्येक बदलास दुसऱ्याची संमती असावी आणि नोंद त्याच दिवशी व्हावी. रोखपालाची कीर्द रोज जुळते. प्रणालीचीही जुळली पाहिजे.