गारवा, गारठा आणि ‘कूल’

बेळगावला ‘गरिबांचं महाबळेश्वर’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरच्या या गावात एप्रिलमध्ये वळीव कोसळून गेला, की माणसं दारात येऊन म्हणतात, ‘आता गार वाटलं!’ त्याच दारातली कॉलेजची पोरं म्हणतात, ‘कूल!’ हवा, चप्पल, मित्र, मोबाइल, सगळ्यांना हा एकच शब्द.

इंग्रजीत ‘कूल’ हे मुळात हवेचं विशेषण. त्याचा ‘झकास’ हा अर्थ रूढ केला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझ वादकांनी. माइल्स डेव्हिसच्या १९५७ सालच्या ‘बर्थ ऑफ द कूल’ या अल्बमच्या नावातच तो शब्द आहे. पण स्वागत ‘कूल’ झालं, तर इंग्रजीत ते कोरडं ठरतं. थंड मुलखात मायेची खूण म्हणजे ऊब.

आपल्याकडे ऊन भाजतं, म्हणून सुख गार. लेकरू मार्गी लागलं की आईचे डोळे निवतात. ज्ञानेश्वरांनी पसायदानात सज्जनांना सूर्य म्हटलं, तेही त्यातला ताप काढून. शेजारची कानडी आजी आशीर्वाद देते, ‘निन्न होट्टे तण्णगिरली’; तुझं पोट गार राहो. भाषा दोन असल्या तरी डोक्यावरचं ऊन एकच आहे.

‘थंड’ची तऱ्हा निराळी. पाणी गार म्हणा की थंड, फरक पडत नाही. पण माणूस थंड पडला म्हटलं की काळजात धस्स होतं. चळवळ थंडावते, अर्ज थंड्या बस्त्यात जातो. बेळगावच्या या सीमाभागाला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हा भाग मागणारा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ सालचा आहे.

निपाणीकडच्या तंबाखूच्या शेतकऱ्याला तर गारव्याच्या अंदाजावर पीक सांभाळावं लागतं. शिवारात वाळत घातलेलं पान पहाटेच्या दवानं मऊ असतानाच उलटायचं; उन्हं चढली की त्याचा चुरा होतो. गारवा कुठं संपतो आणि गारठा कुठं सुरू होतो, हे त्याच्या बोटांना कळतं. ‘कूल’मध्ये हा फरक मावत नाही.

पोरांच्या ‘कूल’वर माझा राग नाही. आपले शब्द घरात ऐकू येत नाहीत, हे माझं दुखणं आहे. म्हणून एवढंच करा. उन्हातून कुणी आलं, तर पाण्याचा तांब्या पुढं करताना म्हणा, ‘बसा, जरा गार व्हा.’ पोरं ऐकतील, तरच उद्या म्हणतील.