दुर्मीळ रोपांचा बाजार आणि खान्देशचा मे महिना

“निवडुंगच तो, भाऊ! त्याला पाणी कशाला लागतं? गुरं तोंड लावत नाहीत, फवारणी नाही, एकदा लावला की वीस वर्षं बघायचं काम नाही.” जळगाव-धुळ्याकडच्या कृषी प्रदर्शनात ड्रॅगन फ्रूटच्या रोपांच्या स्टॉलपुढे पाच मिनिटं उभं राहिलं, तर एवढं ऐकूनच पुढे सरकावं लागतं. शेजारी कुंडीत मियाझाकी आंब्याचं कलम असतं, रामबुतान असतं, मँगोस्टीन असतं, ब्राझीलचं जाबुटीकाबाही असतं. सगळ्यांवर एकच शब्द लिहिलेला असतो : दुर्मीळ. पारोळा, अमळनेर, शिंदखेडा या कोरडवाहू पट्ट्यातला, कापसानं बेजार झालेला माणूस तिथे थांबतो. त्याचं थांबणं मला समजतं. त्याला जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं मात्र खोटं आहे आणि उरलेलं अर्धवट आहे.

पाण्यापासून सुरुवात करू. ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्या कुळातलं आहे, यात वाद नाही. पण कुळ एक असलं म्हणून राहणी एक नसते. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात हा वेल मुळ्यांनी झाडांची खोडं धरून वर चढतो. त्याच्या डोक्यावर मोठ्या झाडांची सावली असते, मुळांशी पालापाचोळ्याचा ओलावा असतो. वाळवंटाशी त्याचा संबंध नाही. तो रात्री श्वास घेतो, दिवसा रंध्रं मिटून घेतो, म्हणून पाणी कमी लागतं, हे अगदी खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मुळं वरवरची असतात, आणि फुलं लागल्यापासून फळ उतरेपर्यंत ठिबकची नळी सुकून चालत नाही. त्याला मानवतं वीस ते तीस अंशांचं हवामान. पारा चाळिशीपुढे गेला की कोवळ्या फांद्या पिवळ्या पडतात, उन्हाकडची बाजू भाजते आणि त्या भाजलेल्या जागेतून पहिल्या पावसात बुरशी आत शिरते. भुसावळच्या माणसाला मे महिना किती अंशांचा असतो, हे मी सांगायला नको.

यावर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं : बारामतीला सरकारी संस्थेनं खडकाळ माळावर करून दाखवलंय. दाखवलंय, खरंच. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तिथल्या मुरमाड, उथळ जमिनीवर या पिकाचं चांगलं काम झालं आहे आणि ते काम वाचण्यासारखं आहे. पण त्यात ठिबक आहे, खतांचं वेळापत्रक आहे, खांब आहेत, उन्हाच्या चटक्यापासून बचावाचा विचार आहे. स्टॉलवर पोचेपर्यंत त्यातला फक्त ‘खडकाळ माळ’ शिल्लक राहतो. शिवाय बारामती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि जळगाव जेमतेम दोनशेवर. तापी खोऱ्यातला उन्हाळा म्हणजे वेगळं प्रकरण आहे.

बिनपाण्याचा, बिनकाळजीचा निवडुंग खान्देशाला ठाऊक नाही असंही नाही. फड्या निवडुंगही अमेरिकेतूनच आलेला. बांधावर, गावकुसाला, पडीक जमिनीवर तो इतका माजला होता की त्याला आवरण्यासाठी १९२६मध्ये सिलोनहून कोचिनीलचे कीटक आणून दक्षिण भारतात सोडावे लागले. त्याची लाल बोंडं पोरांनी खाल्ली, बाजारात मात्र कोणी भाव दिला नाही. आजही ज्याला खरोखर कोरड्या जमिनीवर निवडुंग लावायचा आहे, त्याच्यासाठी बिनकाट्यांचा चाऱ्याचा निवडुंग आहे, आणि ‘बाएफ’सारखी संस्था त्यावर काम करते. त्या रोपांपुढे गर्दी होत नाही, कारण त्यात एकरी दहा लाखांची गोष्ट कोणी सांगत नाही.

बिनकाट्यांच्या निवडुंगाचा विषय निघाला म्हणून एक जुनी हकीकत सांगतो, कारण आज आपल्याकडे जे चाललं आहे ते अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या ल्यूथर बरबँक या नामांकित वनस्पती-संकरकानं १९०७मध्ये बिनकाट्यांच्या निवडुंगाची जाहिरात-पुस्तिका काढली. वाळवंट हिरवं होईल, माणसाला फळ आणि जनावराला चारा मिळेल, असा एकूण सूर होता. लोक तुटून पडले. जॅक लंडनसारख्या कादंबरीकारानंही आपल्या शेतावर तो लावला. निवडुंगाच्या एकेका फडीला भलते भाव आले आणि विकत घेणारा बहुतेक जण पुढच्याला फड्या विकायच्या हिशेबानंच घेत होता. पुढे कळलं की काटे नाहीत म्हणून जनावरं त्याला मुळापासून खातात, म्हणजे कुंपण आलं; आणि भरघोस वाढ हवी तर पाणीही आलं. बरबँकच्या नावानं निघालेल्या कंपनीला मागणी पुरी करता येईना, तेव्हा साध्या निवडुंगाचे काटे जाळून, घासून तोच माल खपवल्याचा बोभाटा झाला आणि कंपनी बुडाली. बरबँक स्वतः लबाड नव्हता, असं माझं मत आहे. त्याची बटाट्याची आणि आलुबुखाराची वाणं आजही नावाजली जातात. निवडुंगात तो फसला तो एका गोष्टीमुळे : जी वनस्पती फडी मोडून जमिनीत खोचली की वाढते, तिची टंचाई टिकत नाही.

ड्रॅगन फ्रूटचं हेच आहे. वीतभर फांदी कापा, काही दिवस सावलीत जखम सुकू द्या, मातीत खोचा, रोप तयार. एका रोपापासून वर्षाला दहाच कटिंग निघतात असं धरलं, तरी तीन वर्षांत एकाची हजार होतात. म्हणजे आज विक्रेता जो ‘दुर्मीळ’ वाण तीनशे-चारशे रुपयांना विकतो, त्याचा दुर्मीळपणा त्याच्या स्वतःच्या हातानं दोन-तीन पावसाळ्यांत संपणार आहे, आणि हे त्याला घेणाऱ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून तर घाई असते : “या सीझनला लावा, पुढच्या सीझनला तुम्हीच कटिंग विकाल.” हे वाक्य ऐकलं की पाकीट खिशात ठेवावं. २०१२मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईला कोसळलेला इमूचा धंदा आणि २०१९मध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला उघडकीस आलेलं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण, दोन्हींत मांसाला आणि अंड्यांना खरं गिऱ्हाईक किती, हे शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. पैसा नव्या माणसाकडून जुन्याकडे जात राहिला, नवा माणूस संपला तेव्हा थांबला.

‘यशोगाथा’ वाचताना म्हणूनच एक हिशेब मनाशी करावा. “अडीच एकरात बारा लाख” असं छापून येतं, त्यात फळाचे किती आणि रोपांचे किती? बहुतेक वेळा हे वेगळं काढलेलं नसतं. आता खर्चाची बाजू. तीन बाय तीन मीटरवर खांब रोवले तर हेक्टरी ११११ खांब, खांबाला चार रोपं, म्हणजे ४४४४ रोपं. काही वर्षांपूर्वी राज्याच्या फलोत्पादन अभियानात या पिकाचा हेक्टरी खर्च ४ लाख रुपये धरून त्याच्या ४० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजारांचं अनुदान तीन हप्त्यांत ठरवलं होतं. शंभर रुपयांचं एक रोप घेतलं तरी नुसती रोपंच साडेचार लाखांच्या घरात जातात. सिमेंटचे खांब, वरच्या रिंगा, ठिबक, मजुरी अजून बाजूलाच आहे. शेडनेट धरली तर बोलायलाच नको. चारशेच्या रोपाचा गुणाकार वाचकानंच करावा.

आणखी एक गोष्ट स्टॉलवर सहसा निघत नाही. हे फूल एकाच रात्री उमलतं आणि सकाळी मिटतं. त्याच्या मूळ देशी वटवाघळं आणि मोठे पतंग परागीभवन करतात. लाल गराच्या कितीतरी वाणांना स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी दुसरं वाण लागतं, नाहीतर रात्री टॉर्च लावून ब्रशनं पराग लावत फिरावं लागतं. महागडं एकच वाण सगळ्या शेतात लावणाऱ्याची फुलं गळतात आणि तो खताला दोष देतो. पिवळ्या सालीचं काटेरी फळ सर्वांत गोड, म्हणून त्याचं कटिंग सर्वांत महाग; पण ते कोलंबिया-इक्वाडोरच्या डोंगरउतारांचं आहे आणि त्याला आपल्याकडची लू सोसवत नाही.

रामबुतान-मँगोस्टीनबद्दल फार लिहायला नको. केरळात, कोकणात दमट हवेत ती झाडं येतात. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात त्यांची पानं कडेपासून करपतात, इतकंच. मियाझाकीचं मात्र सांगायला हवं, कारण त्यात फसवणूक जास्त सफाईची आहे. जपानमध्ये २०१९च्या लिलावात या आंब्यांची एक जोडी पाच लाख येनला गेली, ही बातमी प्रत्येक विक्रेत्याच्या मोबाइलमध्ये असते. पण मियाझाकी हे जपानमधल्या एका प्रांताचं नाव आहे. तिथे पिकवतात तो मुख्यतः ‘आयर्विन’, अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा वाण. हरितगृहात फळ जाळीत धरायचं, झाडावर पूर्ण पिकून आपोआप सुटू द्यायचं, वजन आणि साखर मोजून निवडक फळांनाच मानाचं लेबल लावायचं, आणि हंगामातल्या पहिल्या लिलावाची हौस त्यावर चढवायची. किंमत या सगळ्याची आहे. कलमाबरोबर ती येत नाही.

इथवर वाचून काही जण खूश होतील. “आम्ही म्हणतच होतो, ही परकी थेरं आपल्या मातीत नकोत, आपली केळी बरी.” त्यांच्याशी माझं भांडण विक्रेत्यांपेक्षा जास्त आहे. आपली केळी म्हणजे कोणती? रावेर-यावल-चोपड्याच्या शिवारात आज जी उभी आहे ती बहुतांश ग्रँड नैन, परदेशातून आलेली आणि ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेतून शेतात उतरलेली. ज्या जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिची कीर्ती परक्या वाणाला घरात घेण्यातूनच वाढली. शिरपूर-शहाद्याकडची पपई मूळची अमेरिकेची आणि तिचं ‘तैवान ७८६’ हे वाण नावावरूनच कळतं. भरीत जळगावचं खरं, पण वरून पडणारी हिरवी मिरची पोर्तुगीजांनी आणलेली. परकं म्हणून नाकारायचं ठरवलं तर खान्देशी ताट बरंचसं रिकामं होईल. ग्रँड नैन रुजली, कारण तिचा पैसा घडातून आला. रोप विकणारा वेगळा आणि घड विकणारा वेगळा, हे तिथे पहिल्यापासून स्पष्ट होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ड्रॅगन फ्रूट खान्देशात लावावं. थोडं लावावं आणि फळासाठी लावावं. हंगाम जून ते नोव्हेंबरचा, फूल उमलल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फळ हातात येतं, म्हणजे श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं त्यात येतं. हे फळ तोडल्यावर पिकत नाही. व्हिएतनामहून येणाऱ्या फळाला प्रवासासाठी लवकर तोडावं लागतं. जळगावच्या बाजारात सकाळी येणारं फळ आदल्या संध्याकाळपर्यंत वेलावर गोड होत राहू शकतं. इथल्या शेतकऱ्याची खरी जमेची बाजू ही आहे. (डेंग्यूत पेशी वाढतात या ऐकीव गोष्टीवर चढणारा भाव मी जमेत धरत नाही, तो भाव साथीबरोबर उतरतो.) उन्हाळ्यात फेब्रुवारी अखेरीस सावलीची जाळी चढवायची, नाहीतर ओळींच्या पश्चिमेला शेवगा किंवा हादगा लावून दुपारचं ऊन अडवायचं. पाव एकर, दोन-तीन वाणं मिसळून. केळी किंवा कापूस मोडून हे लावू नये.

आणि हौशी लोकांना हसू नये. धुळे-जळगावात गच्चीवर पाच-पन्नास प्रकारचे निवडुंग आणि फळझाडं सांभाळणारी माणसं आहेत. कोणतं वाण इथल्या उन्हात तगतं, कोणाला दुसऱ्याचा पराग लागतो, हे पाच वर्षांनी शेतकऱ्याला सांगू शकतील ती हीच. हे कूळ आपल्या घरात कधीच येऊन बसलंय. ज्याच्या फुलण्याच्या रात्री आया-बहिणी आरती करतात, ते कुंडीतलं ‘ब्रह्मकमळ’ मेक्सिकोकडचा निवडुंग आहे, ड्रॅगन फ्रूटचा जवळचा नातलग. आणि ते गल्लीभर पसरलं ते पान मागून, पान देऊन. नर्सरीत लाल टोपीचा छोटा निवडुंग मिळतो, त्याखालचा हिरवा तिधारी दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटचाच असतो. संग्राहकांनी एवढं मात्र पाळावं, की परदेशातून सुटकेसमध्ये घालून कटिंग आणू नये. २००३च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना लागतो, आणि बहुतेक सगळं निवडुंग-कूळ आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाखाली आहे, हा झाला कायदा. पण निवडुंगाचे विषाणूही कटिंगमधूनच प्रवास करतात. सीएमव्ही या विषाणूमुळे बागा उपटायला लागलेल्या केळीवाल्यांना रोगट लागवड-साहित्य म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग रोपं विकूच नयेत का? विकावीत की. फळरोपवाटिकांसाठी १९६९पासून राज्यात कायदा आहे. परवाना भिंतीवर लावावा, मातृवृक्ष दाखवावा, पावतीवर वाणाचं नाव लिहावं, त्याला दुसऱ्याचा पराग लागतो की नाही तेही लिहावं. जो हे लिहून देईल, त्याचं रोप थोडं महाग असलं तरी घ्यावं. त्याची बाग पाहायला मात्र ऑगस्टात जाऊ नये. तेव्हा सगळ्यांच्याच फांद्या हिरव्या असतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनला जावं, जाळीबाहेरचा खांब पाहावा, आणि मालकाला विचारावं, गेल्या दिवाळीपर्यंत फळ किती किलो विकलं आणि कोणाला.