चिमूटभर खनिजाचे मोल

पोटभर चरणारी मेंढीही कुपोषित असू शकते. किलोभर सुक्या चाऱ्यात कोबाल्ट सुमारे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा कमी पडले, की तिच्या पोटातील सूक्ष्मजंतूंना बी-१२ जीवनसत्त्व पुरेसे घडविता येत नाही. त्याअभावी चाऱ्यातून निर्माण होणाऱ्या प्रोपिओनिक आम्लाची साखर बनण्याची क्रिया अडते, यकृतात मेद साचतो आणि जनावर खंगते. १९९५ साली बंगळूरु येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने प्रदेशाप्रदेशातील खनिजांची उणीव तपासून त्यानुसार खनिजमिश्रणे सिद्ध केली आहेत. हाच मार्ग श्रेयस्कर होय. सर्वत्र एकच मिश्रण वाटणे म्हणजे रोगनिदानावाचून औषध देणे. चाऱ्याच्या पेंढ्या मोजल्याने पोषण मोजले जात नाही. त्यातील खनिजेही तपासली पाहिजेत.