शाळेची जुनी वास्तू

किल्ले आणि राजवाडे जतन केले पाहिजेत, हे कोणासही सहज पटते. परंतु एखाद्या शाळेची जुनी इमारत जपावी असे म्हटले, तर पुष्कळांना नवल वाटते. पुण्यातील दोन वाड्यांची हकीकत या बाबतीत विचार करण्याजोगी आहे.

बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. जोतीरावांचे वय त्या वर्षी एकवीस, तर सावित्रीबाईंचे सतरा होते. मुलींनी अक्षर गिरविणे हाच अधर्म मानला जाण्याचा तो काळ. एतद्देशीयांनी मुलींसाठी काढलेल्या अगदी पहिल्या शाळांपैकी ही एक होय.

तेथून जवळच विश्रामबागवाडा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात पेशवाई बुडाल्यावर, १८२१ साली, संस्कृत पाठशाळा सुरू झाली. स्त्रीशिक्षणाच्या कार्याबद्दल १८५२ साली जोतीरावांचा सरकारने सत्कार केला, तो याच वाड्यात. १८७९ साली आगीत या वाड्याचा काही भाग जळाला. तेव्हा लोकवर्गणीच्या साहाय्याने तो पुन्हा उभारण्यात आला. म्हणून तो आजही पाहावयास मिळतो.

भिडेवाड्याच्या नशिबी हे नव्हते. तळाशी दुकाने चालू राहिली आणि वरची इमारत जीर्ण होत गेली. स्मारकाची मागणी होत होती, परंतु जागेचा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. २०२३ साली अंतिम निकाल लागला आणि राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी त्याच वर्षी डिसेंबरात तो मोडकळीस आलेला वाडा पाडण्यात आला.

कोणी म्हणतील, भिंती गेल्या तरी कार्य अमर आहे. ते खरेच आहे. जागेत राहणाऱ्यांचे हक्कही डावलून चालत नाहीत. तथापि ज्या उंबरठ्यावरून त्या मुली भीत भीत आत गेल्या असतील, तो उंबरठा कोणत्याही कारागिराला नव्याने घडविता येणार नाही.

कोणतीही वास्तू एका दिवसात ढासळत नाही. फुटलेले कौल वेळीच बदलले नाही, तर पाणी मुरते, वासे कुजतात, वाळवी लागते. मग दुरुस्तीपेक्षा पाडणेच सोयीचे वाटू लागते. आपल्या गावीही एखादी जुनी शाळा असेल. तिचा इतिहास वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावा आणि छप्पर गळू लागताच मोठ्यांच्या कानी घालावे. स्मारकाची वेळ येण्यापूर्वीच वास्तूची काळजी घेणे, हीच तिच्याविषयीची खरी कृतज्ञता होय.