प्रत्येक खोकला राखेचा नसतो



आपल्या खापरखेड्यात कुणी खोकलं की समोरची बाई लगेच निदान सांगून मोकळी होते, "राखेचा आहे गं." तिचं तरी काय चुकलं? २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० चा एक, असं १३४० मेगावॅटचं वीज केंद्र उशाशी. पलीकडे कोराडीचं. अवतीभवती कोळशाच्या खाणी. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवरून संध्याकाळी बोट फिरवलं की कळतं, छातीत काय जात असेल. राखेनं खोकला होतो, दमा बळावतो, यात वाद नाही, आणि त्यासाठी आवाजही उठवायलाच हवा.

पण बी.कॉम.ला शिकलेली एक गोष्ट मला इथं आठवते. तेरीज जुळली नाही की फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकायची. तात्पुरती! चूक सापडली की तिथून काढून योग्य खात्यात न्यायची. आळशी कारकून मात्र ती वर्षानुवर्षं तिथंच ठेवतो. राख हे आपल्या गावाचं सस्पेन्स अकाउंट झालं आहे. कसलाही खोकला असो, टाका तिकडे.

ओळखीच्या एका वहिनींचंच बघा. चार महिने कोरडी ढास. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव. व्याख्यानाला बसल्या की ढास सुरू, म्हणून स्थानकात यायचंच बंद केलं. घरच्यांनी खिडक्यांना पडदे लावले, मुलानं हवा शुद्ध करायचं महागडं मशीन आणलं. शेवटी कारण निघालं बीपीच्या गोळीत. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, त्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला लागतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांनी लागतो, कधी काही महिन्यांनी, म्हणून दोन्हींचा संबंध कुणाला सुचत नाही. डॉक्टर दुसऱ्या जातीची गोळी देतात आणि काही आठवड्यांत खोकला जातो. मात्र गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आज घरी गेल्यावर आपल्या पाकिटावरचं नाव वाचा. ब्रँडचं मोठं नाव नव्हे, त्याच्याखालचं बारीक अक्षरातलं.

खोकल्याची वेळ खूप सांगून जाते. पहाटे तीन-चारला उठवणारा, छातीत शिट्टी वाजवणारा, हसलं किंवा फोडणीचा ठसका लागला की उसळणारा खोकला दम्याकडे बोट दाखवतो. दम्यात दर वेळी धाप लागतेच असं नाही, कधी कधी नुसता खोकलाच असतो. जेवून आडवं झाल्यावर येणारा, सकाळी आवाज घोगरा करणारा खोकला पुष्कळदा आम्लपित्ताचा. इथं आपला चौविहार कामाला येतो, कारण झोपायच्या आधी पोट दोन-तीन तास रिकामं असावं असं डॉक्टरही सांगतात. सूर्यास्ताच्या घाईत भराभर ताट संपवून पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं तर तो फायदा गेलाच म्हणा. आणि सपाट झोपलं की खोकला, उठून बसलं की बरं, एका उशीच्या तीन उश्या झाल्या, पायांवर सूज, तर छातीच्या डॉक्टरांबरोबर हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवा, आणि लवकर. पुढच्या महिन्यात बघू असं म्हणायचा हा खोकला नाही.

रात्रीचा पंप चौविहारामुळे टाळणाऱ्या बायका मला माहीत आहेत. अगं, डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा की मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही. बऱ्याचदा वेळा बसवून देता येतात. आणि जीव घाबरा झाला असेल तेव्हासाठी पच्चक्खाणातही समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेला आहे. तो ठेवणारे आपल्यापेक्षा शहाणे होते. अन्नत्थ सूत्र तर आपण रोज म्हणतो. कायोत्सर्गातल्या सवलतींमध्ये श्वासाबरोबर खोकला आणि शिंकही मोजलेली आहे. मग सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत खोकला गिळायचा कशाला? शेजारच्या बाईनं मान वळवून बघितलं म्हणून?

आता जे बोलायचं टाळतो ते. टीबी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला की थुंकी तपासायची, हा साधा सरकारी नियम आहे. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, भूक मेलेली, वजन उतरलेलं, थुंकीत रक्त, ही लक्षणं सगळ्यांना पाठ असतात. पण वय झालेल्या किंवा साखरेचा आजार असलेल्या बाईत ती ठळक दिसतीलच असं नाही, आणि मधुमेहात टीबीचा धोका वाढतो. आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. चातुर्मासात वजन उतरलं की आपण म्हणतो, अठाई झाली ना, उतरणारच. पारण्यानंतर महिन्याभरात ते भरून आलं नाही तर ते तपश्चर्येच्या खात्यात टाकू नका.

धूळ आणि टीबी यांचं एक नातंही आहे. खाणीत किंवा दगडाच्या कामात वर्षानुवर्षं सिलिकाची धूळ छातीत गेलेल्या माणसाला टीबी व्हायचा धोका जास्त असतो. म्हणजे 'धुळीचाच खोकला आहे' म्हणून ज्याची तपासणी टळते, त्यालाच ती जास्त गरजेची. घरात कुणी खाणीतून निवृत्त झालेलं असेल तर हे लक्षात ठेवा.

तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट, औषधं फुकट, साधारण सहा महिन्यांचा कोर्स, आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिना एक हजार रुपये खात्यात. अडतं ते पैशापाशी नाही. "नणंदेचं जमायचंय, आत्ता नको बोभाटा." त्या सहा महिन्यांत घरातली पोरंबाळं तीच हवा घेत असतात, हे स्थळ बघणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवं. जयणा किड्यामुंगीपुरती नसते. खोकणाऱ्या बाईनं तोंडावर कापड धरणं ही जयणा, आणि घरच्यांनी तिला दवाखान्यात नेणं ही पण.

आणखी एक, आपल्या आपल्यात. चाळिशीनंतर खोकल्याच्या उबळीबरोबर लघवीचे थेंब जातात, विशेषतः दोन-तीन बाळंतपणं झालेल्यांना. शुद्धीच्या धास्तीनं मग देरासर सुटतं, आणि घरात सांगतात गुडघे दुखतात. याला ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, इलाज आहे. स्त्री डॉक्टरांशी बोला.

औषधाचं काय? आलं अनंतकाय, मध अभक्ष्य, त्यामुळे आपल्याकडे सुंठ, मिरी, हळद, ज्येष्ठमध. मोठ्या माणसाच्या साध्या सर्दी-खोकल्याला आठ-दहा दिवस ते पुरतं. फक्त ज्येष्ठमध रोज चघळायची सवय बीपीच्या बाईनं लावून घेऊ नये, त्यानं बीपी चढतं. बेडका पिवळा पडला की अँटिबायोटिक घ्यायची, हेही खरं नाही. साध्या सर्दीतही तो पिवळा-हिरवा होतो.

नातवंडांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. आपल्याच रस्त्यानं सावनेरच्या पुढे गेलं की छिंदवाडा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या परासिया भागात साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या कोल्ड्रिफ सिरपनं वीसहून अधिक लेकरं गेली. मूत्रपिंडं निकामी झाली. कित्येकांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. त्या आयांनी लेकराचा खोकला थांबावा एवढंच मागितलं होतं. तेव्हाच केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं, दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं सिरप द्यायचंच नाही आणि पाच वर्षांखाली सहसा नको. लहान मुलांचा बहुतेक खोकला आपोआप जातो. घाबरायचं ते वेगळ्या गोष्टींना: श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, भुंकल्यासारखा आवाज, डांग्या खोकल्याची न थांबणारी उबळ, ओठ निळे पडणं. आणि खेळता खेळता एकदम ठसका लागून खोकला सुरू झाला तर आधी शेंगदाणा आठवा. मग सिरप नको, थेट दवाखाना.

डॉक्टरांकडे जाताना "खूप खोकला आहे हो" एवढंच सांगून चालत नाही. दिवाळीला रोजकीर्द मांडतो तशी आठवडाभर एका वहीत मांडा. किती वाजता येतो, कोरडा की कफाचा, आडवं झाल्यावर की जिना चढताना, कशानं थांबतो, कोणत्या गोळ्या चालू आहेत. थुंकी तपासायची असेल तर सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, उघड्यावर उभं राहून खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला कफ द्या. तोंडातली लाळ दिली तर रिपोर्ट चुकायची शक्यता असते.