दयेचे कार्यक्रम पुरे, आता अपंग कलावंतांची संघटना!

अंध गायकाचं गाणं संपतं आणि निवेदक म्हणतो, "यांच्या जिद्दीला जोरदार टाळ्या!" सुराबद्दल, तालाबद्दल अवाक्षर नाही. मग शाल, श्रीफळ, फोटो. मानधनाचं विचारलं की आयोजकांचा चेहरा पडतो. आम्ही आंबेडकरी अपंग कलावंत ही दया नाकारतो.

1938 साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. नाव गोड केलं म्हणून गुलामी संपत नाही, ती झाकली जाते. 2015 मध्ये पंतप्रधानांनी आम्हाला 'दिव्यांग' केलं. देवत्व मिळालं, रंगमंचावर चढायला रॅम्प मात्र मिळाला नाही!

2016 च्या अपंग हक्क कायद्याचं कलम 29 सांगतं की अपंग कलावंतांना सुविधा आणि आर्थिक पाठबळ देणं ही सरकारची जबाबदारी आहे. कलम 45 नुसार सर्व सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली. आता जवळच्या नाट्यगृहात जाऊन पाहा. रॅम्प असलाच तर तो बहुधा प्रेक्षकांच्या खुर्चीपर्यंत जातो. रंगमंच आणि मेकअप रूम पायऱ्यांवरच. म्हणजे अपंग माणूस फार तर बघायला येईल, सादर करायला येणार नाही, हे व्यवस्थेने आधीच ठरवून टाकलंय.

काही जण म्हणतात, "अपंगांत कसली आली जात?" सुखवस्तू घरातल्या अंध मुलाला गुरू मिळतो, वस्तीतल्या अंध मुलाला लोकलचा डबा. दोघांचा अंधार एक असेल, ताट एक नाही. अमेरिकेत पॅटी बर्न आणि लेरॉय मूर यांनी 'सिन्स इनव्हॅलिड' हा अपंग कलावंतांचा गट उभा केला, तेव्हा वंशाचा प्रश्न बाजूला ठेवला नाही. काळ्या आणि इतर गोऱ्येतर कलावंतांना मध्यभागी आणलं. आम्हीही जात बाजूला ठेवणार नाही.

सुटा कलावंत 'प्रेरणा' ठरतो, संघटित कलावंत हक्क मागतो. भीमराव कर्डकांचा जलसा एकट्याचा नव्हता. कवी, गायक, ढोलकीवाला, सोंगाड्या मिळून तो उभा राहिला. तसाच अपंग कलावंतांचा जलसा जिल्ह्याजिल्ह्यात उभा राहिला पाहिजे. तालमीला बुद्धविहार, अंधांसाठी ब्रेल किंवा ध्वनिमुद्रित संहिता, कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेला मानधनाचा दर. त्या दराखाली कुणी गाणार नाही, नाचणार नाही.

जयंती मंडळांतल्या तरुणांनो, येत्या 14 एप्रिलला मंचाला रॅम्प लावा, दुभाषी बोलवा, मानधन आधी लेखी ठरवा. "खर्च कुठून आणायचा?" असं विचारू नका. डीजेला पैसे असतात, ते आम्ही दरवर्षी ऐकतो!

जय भीम!